आई, गणपतीच्या मूर्तीमुळे नाही

परळ, मुंबई

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई पुन्हा रडली. 'मीच तुला मूर्ती डोक्यावर घ्यायला लावली, तिथंच पाठीला धक्का बसला.' आई, तसं अजिबात नाही. फोनवर बोलायला गेलं की आपल्या दोघांचाही गळा दाटतो, म्हणून लिहितोय.

पाय गेले त्या पहिल्याच रात्री एमआरआय केला. चकती सरकून, गाठीमुळे किंवा मणक्याच्या टीबीमुळे मज्जारज्जू दाबला गेलाय का, हे आधी पाहिलं. कुठंच दाब नव्हता. सूज मज्जारज्जूच्या आतच होती. या आजाराला ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात. वर्षाला दहा लाखांत 1 ते 8 जणांना होतो. डॉक्टरीणबाई छातीवरून कापूस खाली फिरवत होत्या, तो बेंबीपर्यंत कळला. पुढं त्यांचा हात फिरताना नुसता दिसत होता.

विसर्जनानंतर मला ताप आला होता, आठवतं? तो उतरल्यावर दहा दिवसांनी पाय बधिर झाले. नागीण, डेंगी अशा विषाणूंशी लढायला उठलेली आपलीच प्रतिकारशक्ती कधीकधी मागाहून मज्जारज्जूवर उलटते. डॉक्टरांना तोच संशय आहे. ठाम कोणी सांगत नाही, कितीतरी पेशंटमध्ये कारण शेवटपर्यंत सापडतच नाही. ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस या प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारांतूनही हे होतं, म्हणून पाठीतलं पाणी काढून तपासलं. रक्तात अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या अँटीबॉडीज, म्हणजे आपल्याच मज्जासंस्थेवर उलटणारी प्रतिकारशक्तीची प्रथिनं, नाहीत. त्या असत्या तर दुखणं पुन्हा उलटायची भीती होती, त्यामुळे तो रिपोर्ट येईपर्यंत मला झोप नव्हती.

बाबा, तुम्ही म्हणता खाण्याची आबाळ झाली. बी-12 कमी पडलं तरी मज्जारज्जू बिघडतो, पण हळूहळू, महिनोन्‌महिने. माझे पाय एका दिवसात गेले, आणि माझं बी-12 व्यवस्थित आहे.

पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिलं. परवा डाव्या पायाचा अंगठा हलला. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, पण दोन वर्षांपर्यंतही होत राहू शकते. पूर्वीसारखा चालेन का, हे आज कोणी सांगत नाही, मीही विचारायचं थांबवलंय.

गादीखाली घालायला फळी मात्र पाठवू नका, बाबा. जिथं स्पर्श कळत नाही तिथं कठीण जागेवर पडून जखमा होतात. इथं दर दोन तासांनी माझी कूस बदलतात. आणि आई, तू सोडलेला रात्रीचा भात आजपासून खा.

तुमचा,
बाळू