पस्तीस आणि त्रेपन्न

उदगीर,
रविवार, रात्र

प्रिय बालाजी,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "गुड्डीच्या गणिताचं लिहूनच पाठव, तू बोलायला लागलास की अर्ध्यात तुरीचा भाव काढतोस." बरोबर आहे तुझं. म्हणून शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहायच्या पॅडवरच बसलोय. तुरीची आवक सुरू झाल्यापासून मान वर करायला सवड नव्हती. आज मोंढ्यातला धान्यबाजार बंद, गुड्डी झोपली, घर शांत आहे.

आधी लाजेची गोष्ट सांगून टाकतो. ही तुला फोनवर सांगितली नव्हती. पोळ्याच्या करीला सुट्टी होती म्हणून गुड्डीला वजाबाकीची पाच गणितं घालून दिली. पाचही चुकली. समजावलं, परत घातली, परत तीच चूक. तिसऱ्यांदा मी वही उचलून भिंतीवर फेकली. लेकरू रडलं नाही रे. उठलं, वही आणली, दुमडलेली पानं सारखी केली आणि मला विचारलं, "आता किती लिहू?" म्हणजे उत्तर मी सांगायचं, तिनं लिहायचं आणि विषय संपवायचा. आतून तिची आई ओरडली, "कामून वरडलालाव लेकरावर? तुमचं मोंढ्यातलं डोकं मोंढ्यातच ठिवा." दिवसभर मी शेतकऱ्यांच्या पट्ट्या करतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं तोंडी. कॅल्क्युलेटर धूळ खात पडलेला असतो. आणि माझ्याच लेकीला बावन्नातून अठ्ठावीस जात नाहीत, हे मला सहनच होत नव्हतं. राग तिच्यावर होता की माझ्या इभ्रतीवर, ते तूच ठरव.

त्या रात्री तुला फोन केला, तेव्हा तू एकच काम दिलंस: आठ दिवस एकही उत्तर दुरुस्त करायचं नाही, फक्त विचारायचं, "कसं केलंस?" मला वाटलं, झेडपीच्या शाळेत शिकवून शिकवून हा असाच ढिला पडलाय. तरी केलं. पहिल्या दिवशी "कसं केलंस?" म्हटलं की ती लगेच खोडरबर हातात घ्यायची. तिच्या हिशोबी बापानं विचारलं म्हणजे चुकलंच. तीन दिवस तर बरोबर आलेली उत्तरंसुद्धा खोडली तिनं. चौथ्या दिवशी बोलली.

52 वजा 28, उत्तर 36. "कसं केलंस?" तर म्हणाली, "आठातून दोन गेले सहा. पाचातून दोन गेले तीन." मी म्हटलं, वर तर दोन आहेत ना? तर म्हणे, "लहानातून मोठं जात नाही, असं शाळेत सांगितलंय. मग मोठ्यातून लहान काढायचं." घ्या! मी महिनाभर समजत होतो की पोरगी लक्ष देत नाही. ती तर सांगितलेला नियम अगदी इमानदारीनं पाळत होती. मागची सगळी पानं उलटून बघितली, एकूण एक चूक ह्याच नियमानं पडलेली. चुकीच्या भावानं पट्टी केली तरी बेरीज बरोबर येऊ शकते, तसलं काम.

दुसरी गोष्ट सापडली ती मला अजून पुरती उलगडलेली नाही. तिला मी "पस्तीस" सांगितलं की ती कधी कधी 53 लिहायची. पंचवीसचे 52. बावन्नचे 25. मला वाटलं घाई करते. पण ती लिहिताना ओठ हलवते, तिकडं कान दिला तेव्हा कळलं. पंचवीसमध्ये कानावर आधी पाच येतो, वीस मागून. ती ऐकलं तसं डावीकडून लिहीत होती. तू-मी ते कधी शिकलो, आठवतं का तुला? मला तर आठवत नाही. सवयीनं घोटलं गेलं आणि विसरलो. त्यात हे एकोणीस, एकोणतीसचं लफडं. एकोणसाठला तिनं 61 लिहिलं होतं, कारण साठ ऐकू आले आणि पुढं एकही ऐकू आला. एकोण म्हणजे एक उणा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तर धरूनच चाललो होतो. सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की नव्व्याण्णवला "एकोणशंभर" म्हणाली. शाळेत पोरं हसली म्हणे. मला सांग, नियमानं तिचंच बरोबर नाही का?

घरातही आम्ही घोळ घालून ठेवलाय. मोबाईल नंबर सांगताना "नाईन एट डबल टू", दुकानात "पन्नास रुपये", कार्टूनमधले आकडे हिंदीत. लेकरानं कोणत्या दुकानातून माल उचलायचा?

आमच्या आडतीवर देगलूरकडचा एक म्हातारा हमाल आहे. पोती उतरवताना तेलुगूत मोजतो. वर्षानुवर्षं ऐकत होतो, कान दिला नव्हता. परवा त्याचं "मुप्पै ऐदु" ऐकून थांबलो. म्हटलं, ह्याचा अर्थ काय? तर तीस पाच. आधी तीस, मग पाच, जसं लिहितो तसं. मला एकदम 2019 आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं होतं आणि विधानसभेपर्यंत गाजलं होतं. मोंढ्यात आम्ही चहा पीत किती टवाळी केली होती! "पन्नास दोन पोती उतरव रे" म्हणून दिवसभर हसत होतो, सगळ्यात जास्त मी. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांचे हे आकडे लहान लेकरांना जड जातात, असं त्या सांगत होत्या. 2023 मध्ये त्या गेल्या. मी अजूनही पस्तीसच म्हणणार, ती आपली बोली आहे, आणि पोरीलाही मोंढ्यात पस्तीसच ऐकायचंय. पण शिकताना तीन महिने "तीस पाच, म्हणजे पस्तीस" असं दोन्ही म्हटलं तर काय बिघडतं? आम्ही तसंच केलं. 53 आता क्वचित येतं, आणि आलं की तिचं तिलाच दिसतं.

वजाबाकीसाठी तू काड्यांचे गठ्ठे करायला सांगितलेस. आगपेटीच्या काड्या तिच्या आईनं हातात घेऊ दिल्या नाहीत, म्हणून शेतातून तुराट्या आणल्या, बोटाएवढे तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधले. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. अठ्ठावीस काढ. सुट्या दोनच आहेत, आठ कुठून देशील? तर एक गठ्ठा सोड. मला वाटलं, झालं, दहा मिनिटांचं काम. कसलं काय! पोरगी दर वेळी प्रत्येक गठ्ठा सोडून त्यात दहाच आहेत का ते मोजायची, आणि मग सगळ्या काड्यांचा एक ढीग करून एक-एक काढायची. तीन आठवडे हेच. मी दात-ओठ खात बसायचो. मग एक दिवस बँकेतून बंडलं आणली आणि शिक्का असलेलं बंडल मी सवयीनं मोजायला घेतलं, तेव्हा माझं मलाच हसू आलं. तीस वर्षं मुनीमकी केलेल्या माणसाचा शिक्क्याच्या बंडलावर विश्वास नाही, तर आठ वर्षांच्या पोरीचा कसा बसेल? मोजू दिलं. एक दिवस तिनं आपोआप मोजणं सोडलं. नेमका कोणता दिवस ते मला सांगता यायचं नाही. मग हळूहळू तुराट्याही मागं पडल्या, ती नुसती चित्रं काढायला लागली: उभी रेघ म्हणजे गठ्ठा, ठिपका म्हणजे सुटी. कागदावरचा हातचा शेवटी आला. शाळेत तो पहिल्याच दिवशी आला होता.

मध्ये आईनं दोन गठ्ठे बंबात घातले, ते वेगळंच रामायण. तिला काय, तुराट्या म्हणजे जळण.

पाढ्यांचं तुला फोनवर सांगितलं होतंच. "सात एके सात"पासून गाणं सुरू केल्याशिवाय तिला सात चोक सांगता येत नाही, मध्ये कुणी हाक मारली की परत पहिल्यापासून. मीही त्या गाण्यावरच वाढलोय, पावकी-निमकीचे, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे अजून झोपेत म्हणेन, म्हणून पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. पण तिला गाणं येत होतं आणि ते कशाचं आहे ते माहीत नव्हतं. एका रविवारी तिला गोदामात नेलं. सोयाबीनची थप्पी लावलेली होती. एका थरात सात पोती, चार थर. "किती पोती?" ती बोटानं एक-एक मोजायला लागली, मागची दिसेनात, रडकुंडीला आली. म्हातारा हमाल तिथंच तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "बाई, थप्पी कुणी मोजत नसतं. खालचा थर मोजायचा अन् वर किती ते बघायचं." तिनं खालची सात मोजली, वर मान करून थर बघितले आणि गाणं सुरू केलं. सात चोक अठ्ठावीसला थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हे ते आहे?" हो माय, हे ते आहे. घरी आल्यावर देवळातल्या फरश्या, अंड्यांचा ट्रे, खिडकीचे गज, जे दिसेल त्याची थप्पी. आता आई वैतागलीय.

तिच्या आईला मात्र मध्यंतरी भलतीच धास्ती बसली होती. मोबाईलवर कुठलं तरी डिस्कॅल्क्युलियाचं, म्हणजे लेकराला आकडे मुळातच अवघड जाण्याचं बघितलं आणि रात्रभर झोपली नाही. तू म्हणालास तसं आधी डोळे तपासले, कान तपासले, दोन्ही ठीक. तुझं तेही तिला सांगितलं की असं खरंच असतं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते नावानिशी घातलंय, त्यात लाज कसली नाही. पण शिकवलेलं बदलून बघायच्या आधी लेकरावर शिक्का मारू नये. तिनं ऐकलं. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लांबवलं ते. तू देवळालीच्या त्या शाळामास्तरांचा, कापरेकरांचा खेळ सांगितला होतास. त्यांचा चार अंकांचा, शेवटी 6174 वर येणारा; आपल्याला तीन अंकांचा पुरे. कोणतेही तीन अंक घ्यायचे, तिन्ही सारखे नकोत. मोठ्यात मोठी संख्या करायची, लहानात लहान करायची, वजा करायचं. आलेल्या उत्तराचं परत तेच. 532 मधून 235 गेले 297. मग 972 मधून 279 गेले 693. मग 594. मग 495. आणि पुढं काही केलं तरी 495 च. तिला वाटलं मी जादू करतोय. दुसरे अंक, परत 495. एका बैठकीत हातच्याच्या बारा वजाबाक्या केल्या पोरीनं, मी एकही घातली नव्हती. आणि 495 आलं नाही तर मला विचारायला येत नाही, स्वतःच मागं जाऊन कुठं गचकलं ते शोधते.

गुरुवारी रात्री मी पट्ट्या जुळवत होतो, ती शेजारी हेच करत बसलेली. एकदम म्हणाली, "पप्पा, मधे नेहमी नऊच येतो."

मी म्हटलं, योगायोग असेल. मग तिची पानं बघितली. 297, 693, 594, 792, 891. खरंच रे, मधे नऊच. आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही नऊ. आयुष्य आकड्यांत गेलं माझं, पण मला दिसलं नव्हतं. तिनं विचारलं, "कामून?" आणि मी गप्प. ती झोपल्यावर मांडून बघितलं, सगळी उत्तरं 99 च्या पाढ्यातली निघतात, तिथवर पोचलो. पण आठ वर्षांच्या लेकराला ते बीजगणितातली अक्षरं न वापरता, तुराट्यांनी नाहीतर थप्पीनं कसं दाखवायचं, ते मला जमेना. तिला सांगितलंय की बालाजीकाकाला विचारून सांगतो. रोज शाळेतून आली की "काकाचं पत्र आलं का?" म्हणून विचारते. तेवढं लवकर कळव.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
माधव