छायाचित्रे फ्लेक्सवर नकोत, कागदावर हवीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

१९ ऑगस्ट जवळ आला की विदर्भात तालुक्या-तालुक्याला छायाचित्र प्रदर्शनांची तयारी सुरू होते. १८३९ साली याच तारखेला फ्रान्समध्ये लुई दागेर यांची छायाचित्रे काढण्याची पद्धत जगासाठी खुली झाली, म्हणून हा जागतिक छायाचित्रण दिन. वाचनालयाचे सभागृह किंवा एखादे मंगल कार्यालय मिळते आणि भिंतीभर लागतात ती फ्लेक्सवर छापलेली चित्रे. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते : झड लागली की कागद फुगतो, फ्लेक्सला काही होत नाही. हे उत्तर चुकीचे आहे, म्हणून हे पत्र.

फ्लेक्स हा दहा-पंधरा फुटांवरून वाचायचा फलक आहे. त्यावर छापलेल्या एखाद्या म्हातारीच्या चेहऱ्यापासून दोन फुटांवर उभे राहून पाहा. बुबुळातला उजेड ठिपक्यांत विरलेला, लुगड्याच्या काठाची वीण गायब, काळा रंग करडा आणि कपाळावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. प्रतीचा आकार, कागद, काळ्याची खोली हे सगळे कलावंताचे निर्णय असतात. छायाचित्रकार गौरी गिल आणि डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांनी २०१३ पासून एकत्र केलेल्या कामात वांगडांनी छायाचित्राच्या छापील प्रतीवरच शाईने रेखाटन केले आहे. तिथे कलाकृती म्हणजे ती प्रत. संगणकातली फाइल नव्हे.

आता कागद का फुगतो ते पाहू. हवेतली ओल शोषून कागद पसरतो, उघाड पडली की आकसतो. चारही कडा चिकटपट्टीने किंवा फेव्हिकॉलने आवळल्या असतील तर पसरायला जागा उरत नाही आणि मधोमध लाटा येतात. दोष कागदाचा नाही, आवळण्याचा आहे. १२ बाय १८ इंचांचे चित्र १४ बाय २० इंचांच्या कागदावर, चहूबाजूंनी इंचभर पांढरा काठ सोडून छापावे. आम्लरहित कागदाचे चार त्रिकोणी खिसे मागच्या बोर्डावर चिकटवावेत आणि प्रतीचे कोपरे त्यांत नुसते सरकवावेत. प्रत्येक बाजूला दोनेक मिलिमीटर सैल. प्रतीला गोंदाचा स्पर्शही होत नाही. वरून दीड मिलिमीटर जाडीचा, खिडकी कापलेला माउंटबोर्ड (चौकटीसाठीचा जाड पुठ्ठा) ठेवावा. ही जाडी शोभेसाठी नसते. काच प्रतीला टेकली तर ओलीत प्रत काचेला चिकटते आणि सोडवताना चित्राचा थर निघून येतो.

मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड थेट लावू नये; त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. पाठीची फट कागदी पट्टीने बंद करावी, म्हणजे कसर आत शिरत नाही. छापलेली प्रत किमान २४ तास उघडी वाळू द्यावी, नाहीतर शाईतली वाफ काचेच्या आतून धुक्यासारखी जमते. आणि ऐन झडीत फ्रेम बंद करू नये. आत कोंडलेली ओल ऊन पडल्यावर काचेवर थेंब धरते. जुलैच्या शेवटी दोन-तीन दिवसांची उघाड साधून हे काम उरकावे.

फाइलबद्दल थोडक्यात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल इंचाला ३०० पिक्सेलने २० बाय १३ इंचांपर्यंत उत्तम छापली जाते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास येते. तिची पाच इंची छपाई होईल. छापून आलेले चित्र काळवंडलेले दिसते याचे कारण बहुतेक वेळा पडद्याचा जास्त उजेड. आधी चार इंचांची चाचणीपट्टी छापून घ्यावी आणि सभागृहातल्याच दिव्याखाली पाहावी. कागद सुती, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) पुढचा, चकाकी नसलेला.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवावा. १८ इंच उंचीची फ्रेम असेल आणि तार ताणल्यावर तिचे टोक फ्रेमच्या वरच्या कडेपासून २ इंच खाली येत असेल, तर खिळा ५८ अधिक ९ वजा २, म्हणजे ६५ इंचांवर. जुन्या शाळांच्या चुन्याच्या भिंतीत खिळा धरत नाही. तिथे वर एक लाकडी पट्टी पक्की करावी आणि तारेने फ्रेमा सोडाव्यात. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबरी बटणे लावली की भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही, मागून हवा खेळते. समोरच्या खिडक्यांना मांजरपाट लावावे, समोरची ट्यूब बंद करावी. दिवे ९० सीआरआयच्या (रंग किती खरे दिसतात त्याचे माप) पुढचे घ्यावेत आणि उजेड वरून, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत पाडावा. काचेतली चकाकी त्यानेच जाते.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. पण ऐंशी फ्लेक्सऐवजी निवडून वीस प्रती लावल्या तर तो आवाक्यात येतो, आणि निवड करणे हेही प्रदर्शनाचेच काम आहे. ताडोब्याचे सहा वाघ एका भिंतीवर लावून सहावा कोणी पाहत नाही. त्याच भिंतीवर जिनिंगमधली सरकी, रापलेले हात, बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचे रिकामे मैदान यांना जागा द्या. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या माणसांची छायाचित्रे असतील तर त्यांची परवानगी आधी घ्यावी, आणि छापलेली एक प्रत त्यांच्या घरी पोहोचवावी.

आपल्या जिल्हा पानाला एक विनंती. प्रदर्शनाच्या बातमीत उद्घाटकांची नावे येतात, ती येऊ द्यावीत. सोबत छायाचित्रकारांची नावे, प्रती कशावर आणि किती मापाच्या छापल्या, हेही द्यावे. त्यासाठी दोन ओळी पुरतात, आणि यंदाच्या ऑगस्टपासूनच त्या दिल्या तर आयोजकांना पुढच्या वर्षीची तयारी करायला वर्षभर मिळेल.

आपले,
छायाचित्र छपाई व चौकटकाम करणारे काही वाचक, जि. यवतमाळ