रात्री दोन वाजता आदेश कुणाचा? : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
मदत व पुनर्वसन, महाराष्ट्र राज्य
यांस,

सविनय नमस्कार.

एका महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात मी बावीस पावसाळे काढले. आता निवृत्त आहे. दोन फोन, एक वायरलेस संच आणि लांब पानांची नोंदवही, एवढाच आमचा कक्ष. त्या वहीतली एक रात्र आधी सांगतो, मागणी त्यानंतर करतो.

ऑगस्ट महिना होता. रात्री १ वाजून १० मिनिटांनी प्रभाग अधिकाऱ्यांचा वायरलेसवर निरोप आला. नदीकाठच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरले होते. दीडएकशे माणसे बाहेर काढली होती, पण न्यायची कुठे हे कळत नव्हते. जवळच उंचावर एक खासगी शाळा होती, दुमजली आणि कोरडी. फाटकाला कुलूप. किल्ली शिपायाकडे होती. तो म्हणाला, संस्थेचे सचिवसाहेब सांगतील तर उघडतो. सचिव म्हणाले, लेखी आदेश आणा. आदल्या पावसाळ्यात त्यांनी वर्ग दिले होते, बाके मोडली होती आणि भरपाईच्या अर्जाला उत्तर आले नव्हते. प्रभाग अधिकाऱ्यांना इमारत ताब्यात घेण्याचा अधिकार नव्हता. आयुक्त शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यांचा फोन लागेना. तहसीलदार तालुक्यातल्या बुडालेल्या गावांत. मी जिल्ह्याच्या कक्षाला फोन लावत राहिलो. २ वाजून ५५ मिनिटांनी तोंडी आदेश मिळाला. तो मी वहीत उतरवला, वायरलेसवर शब्दन् शब्द वाचून दाखवला, तेव्हा कुलूप निघाले. तोवर पावणेदोन तास माणसे पावसात उभी होती. एका बाईने शिलाई मशिनचे मुंडके पदरात गुंडाळून छातीशी धरले होते, असे प्रभाग अधिकाऱ्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. कुणाचा जीव गेला नाही, म्हणून त्या रात्रीची चौकशीही झाली नाही.

पुढे मी कायदा मिळवून वाचला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, कलम ६५. बचावकार्यासाठी जागा, वाहन किंवा साधने ताब्यात घ्यायची तर आदेश लेखीच हवा, असे ते कलम सांगते. म्हणजे सचिव कायद्याला धरूनच बोलत होते. पण हा आदेश जिल्हा प्राधिकरण, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, देऊ शकते, तसेच प्राधिकरणाने अधिकृत केलेला कोणताही अधिकारीही देऊ शकतो, असेही त्याच कलमात आहे. मे महिन्यात एका सहीने ते अधिकारपत्र प्रभाग अधिकाऱ्यांच्या हाती देता आले असते. साहेब, कायद्यात त्रुटी नव्हती. कागद तयार नव्हता.

हे सारे आत्ता लिहिण्याचे कारण याच कायद्यातली २०२५ ची दुरुस्ती. ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. राज्याची राजधानी आणि महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी राज्य सरकारला स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करता येते. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. आपल्या राज्यात २९ महानगरपालिका आहेत. वीस वर्षे शहराला या कायद्यात स्वतःचे प्राधिकरण नव्हते. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्राधिकरणाखाली महापालिका एक 'स्थानिक प्राधिकरण' म्हणून होती, जबाबदाऱ्या भरपूर आणि आदेशाचे अधिकार दुसरीकडे. म्हणून या दुरुस्तीचे मी मनापासून स्वागत करतो. पण अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य यांची यादी म्हणजे व्यवस्था नव्हे. प्राधिकरण स्थापण्याची नवी अधिसूचना असो किंवा आधीच्या आदेशात भर असो, माझे सांगणे त्यासोबत जाणाऱ्या अधिकारपत्रांबद्दल आहे.

पहिला पेच जिल्हाधिकाऱ्यांच्या दोन खुर्च्यांचा आहे. जिल्हा प्राधिकरणात ते अध्यक्ष, शहराच्या प्राधिकरणात उपाध्यक्ष. वाहतूक रोखणे, एखाद्या भागात प्रवेश बंद करणे, धोकादायक बांधकाम पाडणे हे कलम ३४ मधले अधिकार जिल्हा प्राधिकरणाच्या नावे लिहिलेले आहेत. पाणी काही महापालिकेची हद्द पाहून थांबत नाही. सांगलीत कृष्णा आणि कोल्हापुरात पंचगंगा चढते तेव्हा शहर आणि शेजारची गावे एकाच रात्री बुडतात, आणि धरणातून किती विसर्ग सोडायचा हे ठरवणारा जलसंपदा विभाग तिसराच. हद्दीवरचा पूल बंद करण्याचा आदेश कुणी काढायचा? दोघांनी काढला आणि दोन्ही वेगळे निघाले तर पोलिसाने कुणाचा पाळायचा? हे कलमवार लिहून ठेवले नाही, तर दुरुस्तीने एका दाराऐवजी दोन दारे झाली, एवढेच होईल.

दुसरे, अधिकार खाली उतरले पाहिजेत आणि ते आपोआप सुरू झाले पाहिजेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत फोन बंद पडले होते. वरिष्ठांना विचारून करायचे, अशी ज्यांना शिस्त होती त्यांना विचारायला कुणी सापडत नव्हते. म्हणून परवानगीची साखळी फोनवर टांगलेली नको. आकडे आपल्याकडे तयारच आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. नदीकाठच्या घरातले शाळकरी पोरही हे आकडे तोंडपाठ सांगते. या आकड्यांना अधिकार जोडा. पाणी इशारा पातळीला टेकले की ठरलेल्या शाळा, सभागृहे आणि मंगल कार्यालये निवारा म्हणून उघडण्याचा अधिकार प्रभाग अधिकाऱ्यांना त्या क्षणापासून असावा. आयुक्तांना कळवावे, पण थांबू नये. अग्निशमन केंद्राच्या प्रमुखालाही त्याच्या कामापुरता तसाच अधिकार हवा. आयुक्त हजर नसतील तर कोण, तेही नसतील तर कोण, ही तीन पदांची क्रमवारी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली असावी. जपानमध्ये १९५९ च्या इसे उपसागरातल्या वादळानंतर १९६१ साली आपत्तीविषयक मूळ कायदा झाला. त्यात वस्ती हलवण्याचा आदेश देण्याचे काम नगरप्रमुखाकडेच दिले आहे. पाण्याच्या सर्वांत जवळचा माणूस आदेश देतो.

भरपाईबद्दल थोडक्यात. कलम ६६ ताब्यात घेतलेल्या जागेचा आणि वाहनाचा मोबदला देण्यास सांगते. तो वेळेत द्या. पूर आला की जेसीबीवाले फोन बंद करतात, ते माणुसकी नाही म्हणून नव्हे. मागचे बिल निघालेले नसते.

आता ज्या मुद्द्यावर माझे काही जुने सहकारी रागावतील, तो लिहितो. अधिकार द्या म्हणणाऱ्याने त्याची वेसणही मागितली पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६७(३)(क) आयुक्तांना आणीबाणीत तातडीने आवश्यक ती कारवाई करू देते, आणि त्याची माहिती लगेच स्थायी समितीला व महापालिकेला द्यावी असे बजावते. कलम शहाणपणाचे आहे. पण दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणारी नालेसफाई जेव्हा या कलमाखाली निविदेशिवाय दिली जाते, तेव्हा ती आणीबाणी नसते, नियोजनाचा आळस असतो. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिकांत दीर्घकाळ लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रशासकच निर्णय घ्यायचा आणि स्थायी समितीच्या जागीही तोच. कुणी कुणाला कळवायचे होते?

बिनवेसणीचे अधिकार काय करतात, याची आठवण मराठी माणसाला वेगळी करून द्यावी लागू नये. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, जेमतेम चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखालच्या प्लेग समितीने घराघरांत सैनिक घुसवून झडत्या घेतल्या. रोग खरा होता, माणसे खरोखर मरत होती. पण त्या अधिकारांना मुदत नव्हती, आणि ज्यांची दारे उघडली जात होती त्यांना दाद मागायला जागा नव्हती. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर काय घडले ते सर्वांना माहीत आहे. सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच कायद्याखाली राज्यातल्या महापालिका आयुक्तांना सक्षम प्राधिकारी केले गेले. तेव्हाही निघालेल्या कितीतरी आदेशांवर 'पुढील आदेशापर्यंत' एवढेच लिहिलेले होते; ते आदेश मी माझ्या हाताने फाइलींना लावले आहेत.

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात स्थानिक आणीबाणीखाली काढलेला आदेश पाच दिवसांत संपतो. हवा असेल तर पुन्हा काढावा लागतो, म्हणजे पुन्हा विचार करावा लागतो. आपणही प्रत्येक आदेशावर संपण्याची तारीख आणि वेळ छापणे सक्तीचे करा. आणि आपत्ती सरल्यावर ३० दिवसांत कोणते आदेश काढले, काय ताब्यात घेतले, विनानिविदा किती खर्च केला, याचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवून संकेतस्थळावर टाकायला लावा.

सभागृहाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जिल्हा प्राधिकरणात लोकनियुक्त प्रतिनिधी सहाध्यक्ष असतो. शहराच्या प्राधिकरणात मात्र पदनामाने आयुक्त आणि जिल्हाधिकारीच आहेत. मोठ्या शहरांत आपत्तीची थेट जबाबदारी महापौरांवर असावी आणि आयुक्त व पोलीस आयुक्तांनी त्यांना साहाय्य करावे, अशी शिफारस दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केली होती. तेवढे लांब जायचे नसेल तरी इतर सदस्य नेमणे राज्याच्या हाती आहे. महापौर आणि मुख्य अग्निशमन अधिकारी यांना त्यात घ्या. वस्ती सोडायला तयार नसलेल्या माणसाला रात्री घराबाहेर काढणारा आवाज मी वायरलेसवर अनेकदा ऐकला आहे. तो बहुतेक वेळा नगरसेवकाचा असतो. आमच्या आदेशावर लोक विश्वास ठेवतात, पण ओळखीच्या माणसाने हाक मारल्यावर उठतात.

माझी मागणी एका वाक्यात मावते. प्रत्येक महापालिकेत ३१ मेपूर्वी कलम ६५ खालची अधिकारपत्रे प्रभाग अधिकाऱ्यांच्या नावाने सही होऊन त्यांच्या हातात पडावीत, आणि त्या प्रभागातल्या निवाऱ्यांची यादी, किल्ली कुणाकडे आहे त्याच्या पदनामासह, प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावी. त्या शाळेला आता नवे फाटक बसले आहे. किल्ली कुणाकडे असते, हे मी मागच्या आठवड्यात प्रभाग कार्यालयात जाऊन विचारले. तिथे कुणाला सांगता आले नाही.

आपला,
नियंत्रण कक्षातील एक निवृत्त कर्मचारी