सूचना : व्हीए (अमेरिकी सरकारचं माजी सैनिकांचं खातं) कर्जावर नवं घर घेणाऱ्या सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

अमेरिकी सैन्यात सेवा केलेले आपले काही सभासद सध्या नव्या वसाहतींत घरं बघत आहेत, म्हणून बयाणा देण्याआधीच हे वाचावं.

कर्ज बँक देते, व्हीए फक्त हमी घेतं. त्यामुळे या हमीसाठी पात्र असल्याचा व्हीएचा दाखला आधी काढा. बिल्डर स्वतःच्या ओळखीच्या बँकेचा आग्रह धरतात, सवलतीही दाखवतात. तरी आणखी दोन ठिकाणी दर विचाराच. डाउन पेमेंट आणि मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा विमा) लागत नाही, पण पहिल्या वेळी शून्य डाउन पेमेंटवर कर्जाच्या २.१५ टक्के फंडिंग फी (व्हीएचं एकरकमी शुल्क) आहे. व्हीएकडून अपंगत्वाची भरपाई मिळत असेल तर ही फी माफ होते.

सॅम्पल घरातला ग्रॅनाइटचा ओटा बघून भुलू नका. असल्या वाढीव कामांची पूर्ण किंमत अप्रेझलमध्ये (कर्जासाठी होणाऱ्या घराच्या मूल्यांकनात) धरली जाईलच असं नाही. अप्रेझल करारातल्या किमतीपेक्षा कमी आलं तर बयाणा न गमावता माघार घेता येते. व्हीएचं ते कलम करारात आहे ना, हे सही करण्याआधी डोळ्यांनी बघा.

आणि अप्रेझल म्हणजे तपासणी नव्हे! गेल्या महिन्यात एका सभासदाच्या कोऱ्या घरात पोटमाळ्यावर चढलो, तर अर्ध्या भागात इन्सुलेशनच नव्हतं. स्वतःचा इन्स्पेक्टर नेमा, भिंती बंद होण्यापूर्वी एकदा आणि ताबा घेण्यापूर्वी एकदा.

करार वाचताना कुणी सोबत हवं असेल तर ग्रुपवर कळवा, आम्ही दोघं-तिघं येऊ.