पिनटक्स शिकवणाऱ्या ताईंना मनापासून थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. मलमलच्या कुर्त्याचं योक (खांद्याजवळचा वरचा तुकडा) पूर्ण झालं, टक्स म्हणजे कापडाला घातलेल्या, टीप मारलेल्या बारीक घड्या अगदी सरळ बसलेत आणि हात फिरवला की बारीक कडा बोटांना लागतात, इतकं छान वाटतं ना!

सगळ्यात मोठे आभार त्या धाग्यासाठी. मशीनला हात लावायच्या आधी तुम्ही कापडाला खळ देऊन कडक इस्त्री करून घेतलीत आणि मग सुईच्या टोकाने एक उभा धागा उचलून हळूहळू ओढायला लावलात, तो निघाला की कापडावर जी पुसटशी रेघ उमटते ती घडीची जागा. खडूने आखताना पातळ कापड पट्टीखाली सरकतं, ही रेघ मात्र विणीतलीच असल्यामुळे वाकडी जायचा प्रश्नच नाही. धागा मध्येच तुटला की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून, कापड उजेडात तिरकं धरून त्याचं टोक शोधून द्यायचात, आणि एकदाही घाई केली नाहीत. आणि टक्स शक्यतो किनारीला समांतरच घ्यायचे कारण उभा धागा कमी ताणतो, हे कारणासकट सांगितलंत म्हणून डोक्यात बसलं.

कापडाचा हिशोब पण तुमच्यामुळेच जमला. 2 मिमीचा टक दुप्पट म्हणजे 4 मिमी कापड खातो, 20 टक्स घेतले की 8 सेंमी गेलेच, म्हणून आधी अख्ख्या तुकड्यावर टक्स घालायचे आणि मगच त्यावर योकचा कागद ठेवून कापायचं. आता हे कुणीही विचारलं की मी पहिलं हेच सांगते.

मशीनचं म्हणाल तर 70 नंबरची नवी सुई, बारीक कॉटनचा दोरा, टाका 2 मिमीच्या आसपास, आणि सुरुवातीला खाली टिश्यू पेपर म्हणजे मशीन कापड आत ओढत नाही, दोऱ्याची टोकं मागे धरायची, बस. इस्त्रीचं मात्र मी कधीच विसरणार नाही, टीप मारल्यावर टक आधी आहे तसाच बंद ठेवून टिपेवरून इस्त्री, मग कापड उघडून सगळे टक्स एका बाजूला वळवून, आणि ते सुद्धा उलट्या बाजूने, म्हणजे सुलट बाजूला चमक येत नाही. एवढ्या एका गोष्टीने कामाला जे फिनिशिंग येतं ते दुसऱ्या कशानेच येत नाही असं माझं ठाम मत झालंय.

तुम्ही हे सगळं कुणी न सांगता, स्वतःचं काम बाजूला ठेवून शिकवलंत ताई, शिवाय तुमच्या जुन्या नमुन्याचा तुकडा पण देऊन टाकलात, तो मी पॅटर्नच्या फाइलमध्ये नीट ठेवलाय.

आता दोन सुयांचे टक्स करून बघायचेत. 1.6 मिमी अंतराची डबल सुई आणि खाचांचा फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा पाय) आणलाय, वरच्या दोऱ्याचं टेन्शन म्हणजे ताण थोडा वाढवला की कड जास्त उठते हे कळलं, पण व्हॉइलवर (पातळ सुती कापड) किती वाढवायचा ते तुमच्यासमोर बसूनच ठरवायचंय. रविवारी रिकाम्या असाल तर कळवा, व्हॉइलला खळ देऊन घेऊन येते.

तुमची,
शिवणातली नवी विद्यार्थिनी