भोंगा मोठ्यांसाठीही

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना १० डिसेंबर २०२५पासून समाजमाध्यमे बंद केली, तेव्हापासून इथेही तशाच बंदीची मागणी होते आहे. मला ती अपुरी वाटते. परवा आमच्या आवारात लपंडावात राज्य कुणावर, यावरून वाजले. एक मुलगा रुसून कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसला, तो उठलाच नाही. पूर्वी ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवले की असा गडी दोन मिनिटांत परत यायचा. समजूत काढायला आम्ही मोठेही उठलो नाही. आमचीही डोकी मोबाइलमध्येच (माझेसुद्धा). सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, तीही घरातल्या सगळ्यांसाठी. शहरातल्या सोसायट्यांनी निदान अर्धा तास करून पाहावे.

– एक वाचक, मिरज