खोक्यावर पेंग्विन, आत कुलूप

दि. 12 नोव्हेंबर 2025
अशोक चौक परिसर, सोलापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 'लिनक्ससाठी तयार' म्हणून विकलेल्या लॅपटॉपचं वायफाय बंद पडल्याबाबत

महोदय,

डिसेंबर 2023 मध्ये तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून हा लॅपटॉप घेतला. खोक्यावर लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन आणि खाली 'ओपन सोर्सचे (म्हणजे खुल्या कोडचे) सच्चे साथी' असं ठळक छापलेलं. आत उबुंटू 22.04, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक फुकट प्रणाली, बसवलेलंच होतं. विंडोजचे पैसे वाचले म्हणून मीही खूश होतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला उबुंटू 24.04 वर गेलो. प्रणालीचा गाभा असलेलं कर्नल 5.15 चं 6.8 झालं आणि वायफाय गेलं. दिवाळीच्या तोंडावर टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टला निघालेल्या, ई-वे बिल काढायचं, आणि मी मोबाईलला केबल लावून इंटरनेट चालवतोय. सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, विंडोज टाकून घ्या की." त्याच्यावर राग नाही. त्याला शिकवलंय तेच तो बोलला.

दोष तुमच्या ड्रायव्हरचा, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. तो तुम्ही बंद स्वरूपात, कोड न दाखवता दिलात, तोही फक्त 5.15 साठी तयार केलेला. लिनक्स कर्नलच्या आतले सांधे आवृत्तीगणिक बदलतात; ते तसेच राहतील असं वचन कर्नलवाले देत नाहीत. ड्रायव्हरचा कोड मूळ कर्नलमध्ये दाखल असेल, तर सांधा बदलणाराच तोही सरळ करून ठेवतो. आमच्या चादरीच्या मागावर नक्षी ठरवणारे जेकार्डचे पत्ते असतात. त्यांवरची भोकं डोळ्यांना दिसतात. पत्ता फाटला तर पेठेतला कारागीर भोकं मोजून नवा पाडून देतो, मूळ पत्ता कुणी बनवला हे विचारायची गरज पडत नाही. तुम्ही पत्ता डबीत घालून डबीला लाख लावून दिलीत.

इतरांनी प्रेमापोटी काही केलं असं मी म्हणत नाही. चिप बनवणाऱ्या एएमडीने 2007 पासून ग्राफिक्स चिपची कागदपत्रं खुली करायला घेतली. तशाच चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने 2012 मध्ये फिनलंडमधल्या भर सभेत मधलं बोट दाखवलं; कंपनीने कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला तो 2022 मध्ये, आणि वरचा बराचसा भाग आजही बंदच आहे. धंद्याचं गणित जुळलं तेव्हा केलं. चालेल, गणित जुळवूनच करा, पण करा. तुमच्या जाहिरातीत लिनक्सच्या परिषदांना दिलेल्या देणग्यांची लांबलचक यादी आहे. गणपतीची वर्गणी भरली म्हणून कुणी मंडळाचा कार्यकर्ता होत नाही, मांडव घालायला यावं लागतं.

माझी मागणी अशी : ड्रायव्हरचा कोड मूळ कर्नलसाठी द्या. ते जमत नसेल तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे असं वायफाय कार्ड तुमच्या खर्चाने बसवून द्या. कार्ड एका स्क्रूवर निघतं, वॉरंटी संपल्यावर उघडून पाहिलंय. शिवाय 5.15 च्या कर्नलमध्ये तुम्ही स्वतः बदल केलेत, त्याचा सोर्स कोड मला हवा. तो सोबत दिला नसेल, तर मागेल त्याला देण्याची किमान तीन वर्षांची लेखी हमी जीपीएल या कर्नलच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे द्यावी लागते. खोक्यात दोन्ही नव्हतं. बंद ड्रायव्हरला ती अट लागते का, यावर वकील वाद घालतील. खुद्द कर्नलबद्दल वाद नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. खोकं जपून ठेवलंय.

आपला,
एक टॉवेल कारखानदार

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचे फोटो, सर्व्हिस सेंटरच्या तिन्ही फेऱ्यांच्या पावत्या